गिझर उघडून पाहिला तेव्हा

डिसेंबरातली सकाळ होती, शाळेची वेळ होत आली होती आणि मी केस धुवायला काढले होते. बाहेरच्यांना आमच्या अमरावतीचा उन्हाळा तेवढा ठाऊक असतो. थंडीत इथे नळाचं पाणी हाताला चावतं. पण त्या वर्षी आमच्याकडे गॅसचा गिझर आला होता. नळ सोडला की भिंतीवरच्या डब्यात टकटक वाजायचं, भप्प करून आत जाळ पेटायचा आणि लगेच वाफाळतं पाणी पडायला लागायचं. त्या पाण्याखाली मी गरजेपेक्षा जास्तच वेळ उभी राहायला लागले होते.

पडल्याचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की डोकं जड झालं, कानांत गुं असा आवाज भरला, आणि नळ बंद करावा म्हणून हात उचलायला गेले तर तो उचलेना. हात समोर दिसत होता, माझाच होता, पण माझं ऐकत नव्हता. मग डोळे उघडले ते अंगणात. अंगावर सासूबाईंचं पातळ टाकलेलं, डोक्यात शॅम्पूचा फेस तसाच, आणि नाकाशी कसला तरी उग्र वास. शेजारच्या काकूंनी चपलेचा तळ माझ्या नाकाला लावून धरला होता.

चप्पल कुणाला हुंगवतात ते मला माहीत होतं. लहानपणी अंजनगाव सुर्जीच्या बाजारात एक बाई भाजीच्या ढिगाशी पडून हातपाय झाडताना मी पाहिली होती. लोकांनी तिच्या नाकाला अशीच चप्पल लावली होती आणि ‘मिरगी हाये, मिरगी’ म्हणत आम्हा लेकरांना मागे सारलं होतं. त्या वासासरशी ती बाई डोळ्यांपुढे आली. तोवर मी थंडीने कापत होते, आता भीतीने कापायला लागले.

तेव्हा घरात सासूबाई आणि मी दोघीच असायचो. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या आमच्या तालुक्यात अंगणवाडी सेविका होत्या, निवृत्त होऊन माझ्याजवळ राहायला आल्या. माझे यजमान अकोल्याला पाटबंधारे खात्यात आणि मुलगी तिथेच कॉलेजात, दोघंही माझ्या नणंदेकडे राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. मी तिवशाच्या रस्त्यावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, रोज एसटीने जाऊन येऊन. गिझरही नणंदेकडचाच. तिने गच्चीवर सोलर बसवला, तेव्हा मागच्या गॅलरीत लटकलेला गिझर रिकामा झाला. पावसाळाभर तो तिथे तसाच टांगलेला होता. दिवाळीत यांनी तो गोणपाटात गुंडाळून आणला, प्लंबरला बोलावून आमच्या बाथरूममध्ये लावून घेतला आणि सिलिंडर बाहेर जिन्याखाली ठेवला. थंडीचं वारं येतं म्हणून बाथरूमच्या खिडकीवर प्लायवूडचा तुकडाही ठोकून दिला. इतक्या आठवणीने केलेलं सगळं पाहून मला बरं वाटलं होतं.

जवळच्या डॉक्टरांनी आधी अशक्तपणा सांगितला. पण आत्याबाईंनी दार ढकलून मला बाहेर ओढलं तेव्हा माझे हात झटके देत होते, आणि ते त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा बदललेला मी पाहिला. त्यांनी अकोल्याच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

अकोल्यात मला मशीनमध्ये आडवं घातलं. ती खडखड ऐकत मी डोळे मिटून पडले होते आणि एकच विचार करत होते की आत गाठ निघाली तर पोरीची परीक्षा होईपर्यंत तिला सांगायचं नाही. गाठ निघाली नाही. डोक्याला तारा चिकटवून काढलेल्या आलेखातही फारसं काही नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास होता का? मी सांगितलं, बरेच दिवस सकाळी डोकं दुखायचं, शाळेत पोहोचेपर्यंत कमी व्हायचं. कुठे पडलात? आंघोळ करताना. गरम पाणी होतं? हो. त्यांनी मान हलवली. गरम पाणी डोक्यावर घेतल्याने काही लोकांना फिट येते, तसं असावं म्हणाले. गोळ्या दिल्या. दाराला कडी लावू नका, एकट्याने रस्ता ओलांडू नका, उंचावर चढू नका, आगीजवळ सांभाळून, असं बरंच काही बजावलं. मी सगळ्याला हो म्हणत गेले.

नणंदेच्या घरी मुलगी मला बिलगली आणि तुला काय झालंय म्हणून विचारत राहिली. मी तिला नुसती चक्कर होती म्हणून सांगितलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते नीट सांगता येणार नाही. वर्गात फळ्यावर लिहिताना मुलांकडे पाठ करायची मला भीती वाटायची. आपण इथे पडलो, तोंडातून फेस आला, साडी वर गेली, तर ही लेकरं काय पाहतील? मी खुर्चीवर बसूनच शिकवायला लागले. एसटीच्या पायऱ्या उतरताना दांडा दोन्ही हातांनी धरायची. मागच्या बाईने घाई केली की बाजूला होऊन तिला आधी जाऊ द्यायची. घरात आत्याबाईंनी शेगडी माझ्याकडून काढून घेतली. मी भाजी चिरून द्यायची आणि त्यांनी फोडणी घालायची. जराशी जांभई आली, पापणी फडफडली, मुंगी चावल्यासारखं झालं तरी वाटायचं, हे तेच आहे, आता सुरू होणार. शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. गोळी पाकिटातून काढून पर्समधल्या छोट्या डबीत ठेवायची आणि पाणी पिताना गिळायची.

शेजारच्या काकूंनी एकदा हळूच सांगितलं की बार्शीटाकळीकडे कुणी एक बाबा आहेत, ते अशा बायांचं उतरवून देतात. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर न पाहता सांगितलं, “आमच्या घरात ते चालत नाई. बाबा अन् गंडा आमी कवाच सोडला.” काकू परत त्या विषयावर आल्या नाहीत.

आंघोळ मात्र पहाऱ्यात व्हायची. आत्याबाईंनी ढकललं तेव्हा दाराची कडी तुटली होती, ती तशीच राहू दिली. गिझर तोच, पाणी तेवढं कोमट. दार अर्धं उघडं, आणि बाहेर स्टुलावर पाठमोऱ्या बसून आत्याबाई दर थोड्या वेळाने हाक मारायच्या.

“हायेस का वं?”

“आहे आत्याबाई.”

पुन्हा काही झालं नाही. सकाळची डोकेदुखीही थांबली. यांना हायसं वाटलं, नणंदेने फोनवर आनंद दाखवला, डॉक्टरांनीही गोळी लागू पडली म्हणून सांगितलं. एक मीच होते जिला त्याने जास्त धसका बसला. गोळी लागू पडली म्हणजे रोग खरा. आता तो कायमचा माझा. आमच्या आळीत सगळे एकमेकांना ओळखतात. उद्या पोरीचं लग्न काढलं की आईला काय आहे ते कुणीतरी सांगणारच, आणि ते आईपुरतंच आहे का असंही कुणीतरी विचारणार. हे मी कुणाशी बोलले नाही. मनात आणायलाही घाबरायची.

थंडी अजून होती तेव्हाच मुलीला परीक्षेनंतरची सुट्टी लागली आणि अभ्यासामुळे दिवाळीपासून न आलेली ती घरी आली. वयात आलेली पोरगी. तिला अर्ध्या उघड्या दारात आंघोळ कशी जमणार? तिने बाबांकडे कुरकुर केली आणि यांनी शनिवारी संध्याकाळी दाराला नवी कडी बसवली. चांगली जाड, लोखंडी.

रविवारी सकाळी ती केस धुवायला गेली. मी स्वयंपाकाच्या ओट्याशी मेथी निवडत होते, हे अंगणात पेपर वाचत होते, आत्याबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत राहिला. आधी मी मनात म्हटलं, सुट्टीला आली आहे, घेऊ दे गरम पाणी. मग लक्षात आलं की तो आवाज एकसारखा आहे. माणूस पाण्याखाली हलत असला की पाण्याचा आवाज बदलतो, बादली सरकते, मग्गा आपटतो. इथे काहीच बदलत नव्हतं.

मी हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. मला उठायचं होतं आणि पाय जागचे हलेनात. आपल्यालाच आता काहीतरी होतंय असं वाटलं. मग कसा कोण जाणे तोंडातून आवाज फुटला आणि हे धावत आले.

यांनी दाराला खांदा दिला. नवी कडी हलेना. स्वतःच आदल्या दिवशी इतकी पक्की बसवलेली कडी. पुन्हा पुन्हा धडक देत राहिले, तेव्हा कडी तशीच राहिली आणि दुसऱ्या बाजूच्या बिजागऱ्या उखडून दार तिरकं झालं. आतून वाफेचा उबट लोट तोंडावर आला. मुलगी भिंतीला टेकून बसल्यासारखी घसरली होती. मान खांद्यावर पडलेली, अंगावर गरम पाणी पडत होतं, आणि ती झोपली आहे असं वाटावं इतकी शांत होती.

आम्ही तिला टॉवेलमध्ये गुंडाळून अंगणात आणलं. मी तिचे गाल थोपटत होते, नाव घेत होते, बहुतेक मारतही होते. आत्याबाईंनी मला बाजूला ओढलं. “सोड तिले जराशी. हवा लागू दे,” म्हणाल्या. पोरीने एकदम मोठा श्वास घेतला, ओकली, आणि डोळे उघडून आमच्याकडे अनोळखी माणसांसारखी पाहायला लागली.

दवाखान्यात नेईपर्यंत ती बोलायला लागली होती. तिथल्या तरुण डॉक्टरने घरात कुणाला असं काही आहे का विचारलं. मी म्हणाले, मला आहे. फिट येते, गोळ्या चालू आहेत. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं की मग हिलाही दाखवून घ्यावं लागेल, काही वेळा घरातच असतं.

संध्याकाळपर्यंत तिला ठेवून घेतलं. तिच्या हाताला सलाईन लावलं होतं आणि मी खाटेच्या कडेला बसून तिचा दुसरा हात धरून होते. माझ्यामुळे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझे केस तिला आले, माझं नाक तिला आलं, आणि आता हेही. मला रडू येत नव्हतं. भीती इतकी मोठी होती की रडायलाही जागा नव्हती. आत्याबाई खाटेच्या पायाशी उभ्या होत्या, हे औषधं आणायला खाली गेले होते.

तेवढ्यात पोरगी म्हणाली, “आई, मला सगळं दिसत होतं. मी कडी काढणार होते. पण हात उचलताच येत नव्हता. अन् कानात सारखं गुं गुं.”

मी तिला माझ्या पडण्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. हाताचं तर कुणालाच सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनासुद्धा नाही. ते सांगितलं तर लोक वेडी म्हणतील असं वाटलं होतं. मी तिला विचारलं, अकोल्याला कधी असं झालं? कॉलेजात, आत्याकडे? कधीच नाही, म्हणाली. तिथे ती रोज सोलरच्या गरम पाण्याने, दार लावून आंघोळ करत होती. मी स्वतःलाच विचारलं: तू शाळेत कधी पडलीस? एसटीत? स्वयंपाकघरात? कुठेही नाही. आणि आंघोळीतसुद्धा, दार उघडं असताना एकदाही नाही.

आत्याबाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा पार उतरला होता. “त्या बाथरूमातच काई हाये,” त्या म्हणाल्या.

जन्मभर असल्या गोष्टी झिडकारणारी ही बाई. वस्तीतल्या बायकांना ताप आला तर दवाखान्यात ओढत नेणारी. तिच्या तोंडून हे वाक्य ऐकलं आणि मला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली. आमच्या घरात चालत नाही ते आता घरात शिरत होतं, आणि ते मला होऊ द्यायचं नव्हतं. मी म्हणाले, “आहेच आत्याबाई. भिंतीवर टांगलेलं आहे. मी उद्या ते उघडून पाहणार.”

दुसऱ्या दिवशी यांनी रजा टाकली. मेकॅनिकला फोन केला तर तो परतवाड्याला गेला होता, दोन-तीन दिवसांनी येतो म्हणाला. हे म्हणाले, थांबू, तोवर कुणी बाथरूममध्ये जाऊच नये. मी थांबायला तयार नव्हते. ते यंत्र घरात आहे आणि आपल्याला त्याच्या पोटात काय आहे ते माहीत नाही, हे मला सहन होत नव्हतं. यांनी सिलिंडरचा खटका बंद केला, रेग्युलेटर काढून घेतला. मी जाऊन पुन्हा पाहिलं. पाइप सोडवून गिझर खाली उतरवला तेव्हा मी पुन्हा एकदा जिन्याखाली जाऊन पाहून आले.

दुपारच्या उन्हात अंगणात जुनी चादर अंथरली. पोरीला जवळ यायला मनाई होती, ती शाल पांघरून दूर ओट्यावर बसली. आत्याबाई ओलं गोणपाट हातात घेऊन नळाजवळ उभ्या राहिल्या. कुठे काही पेटलं तर टाकायला. कुणी त्यांना हसलं नाही.

यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. मी तो मागितला. “तुले भेव नाई लागत?” हे म्हणाले. लागतं, म्हणूनच द्या, मी सांगितलं.

स्क्रू गंजले होते. एक-एक निघताना किरकिर करत होता. गॅस नाही, वीज नाही, नुसता पत्र्याचा डबा आहे, हे माहीत असूनही मी तोंड बाजूला वळवून काम करत होते. शेवटी पुढचं झाकण सुटलं आणि मी ते सरकवलं.

आत मला काहीतरी गुंतागुंतीचं दिसेल असं वाटलं होतं. तसं काही नव्हतं. मुलीने मोबाइलवर शोधून ओट्यावरून मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मी बोट ठेवत गेले. खालून पाणी आत येतं. ते एका चपट्या डबीत जातं, तिच्यात रबराचा पातळ पडदा असतो. पाण्याच्या जोराने तो पडदा फुगतो, एक बारीक दांडी पुढे ढकलतो, आणि ती दांडी गॅसचं तोंड उघडते. त्याच वेळी सेलवर ठिणगी पडते. टकटक वाजते ती हीच. मग कंगव्याच्या दातांसारख्या ओळीने मांडलेल्या नळ्यांमधून गॅस पेटतो. वर तांब्याच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा, त्यातून पाण्याची नळी फिरते. जाळ पट्ट्यांना तापवतो, पट्ट्या पाण्याला. आणि राहिलेला धूर पट्ट्यांच्या फटींमधून वर, डब्याच्या माथ्यावरच्या भोकांतून बाहेर.

“बाहेर म्हणजे कुठे?” मी विचारलं. बाहेर म्हणजे आमच्या बाथरूममध्ये.

मी त्या पट्ट्यांवर बोट फिरवलं. बोट काळं झालं. तांबं कुठे दिसतच नव्हतं. सगळ्या फटी काजळीने गच्च भरलेल्या, काही ठिकाणी तर फट आहे हे कळतही नव्हतं. यांनी बर्नर सोडवून माझ्या हातात दिला. त्याच्या नळ्यांच्या मागच्या तोंडांना, जिथून हवा आत जायची, तिथे माती भरली होती. आधी मला गंज वाटला. केसातली पिन काढून खुपसली तर वाळलेल्या मातीचा गोळा सुटला आणि त्यातून बारीक, वाळलेले कोळी चादरीवर पडले. मी दचकून हात मागे घेतला. ते कुंभारणीचं घर होतं. भिंतीच्या कोपऱ्यात माती आणून घर करते ती माशी. अकोल्याला गॅलरीत पावसाळाभर रिकामा टांगला होता, तेव्हा तिने नळीनळीत घर केलं होतं.

पोरगी विज्ञानाची. तिचं वाचणं बंद झालं होतं. मग ती हळूहळू म्हणाली की हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. रक्तात गेला की अंगाला प्राणवायू मिळत नाही. आधी डोकं दुखतं. मग हातपाय गळतात. शुद्ध असते, पण हलता येत नाही. झटकेही येतात. पुढचं तिने वाचलं नाही, पण तिचा चेहरा पाहून आम्हाला कळलं.

मला आठवतं, ऊन छान होतं. मला बरं वाटायला हवं होतं. मला मिरगी नव्हती, माझ्या पोरीला नव्हती, माझ्या रक्तातून काही तिच्यात गेलं नव्हतं. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की आम्ही कितीदा वाचलो. दिवाळीपासून पडेपर्यंत रोज सकाळी मी दार लावून, प्लायवूडने बंद केलेल्या खिडकीखाली, त्या डब्याच्या समोर उभी राहिले होते. आत्याबाई त्या दिवशी भाजी आणायला गेल्या असत्या तर? रविवारऐवजी सोमवार असता, घरात तिच्याजवळ एकट्या आत्याबाई असत्या तर?

हे उठले आणि बाथरूममध्ये गेले. प्लायवूड उपटल्याचा आवाज आला, खिळ्यांसकट. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. मी आत गेले तेव्हा ते उघड्या खिडकीपाशी उभे होते. त्यांनी जे केलं ते आम्हाला थंडी वाजू नये म्हणून केलं होतं, आणि हे त्यांना सांगून उपयोग नव्हता, निदान त्या दिवशी तरी.

नणंदेला कळलं तेव्हा ती फोनवर खूप रडली. तिच्याकडे गिझर उघड्या गॅलरीत होता, नुसतं पाणी पाइपाने आत यायचं. धूर हवेत जायचा, म्हणून कुणाला कधी काही झालं नाही. मी तिला हेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले, तरी ती संध्याकाळच्या बसने अमरावतीला आलीच आणि पोरीला जवळ घेऊन बसली.

अकोल्याच्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं. बर्नरचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला. मग म्हणाले, “पाणी गरम होतं का विचारलं मी. ते कशावर तापतं हे विचारायला हवं होतं.” पोरीला काही द्यायची गरज नाही म्हणाले. माझी गोळी एकदम न थांबवता हळूहळू कमी केली.

भीती मात्र गोळीसारखी कमी होत नव्हती. कितीतरी दिवस मी बादलीत पाणी घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात, पडदा बांधून आंघोळ केली. बाहेरगावी कुणाच्या घरी गेलं की आधी बाथरूमची खिडकी पाहायची. पोरगी अकोल्याला परत गेली आणि तिच्या सकाळच्या फोनला उशीर झाला की मी नणंदेला फोन लावायची. शाळेत मी पुन्हा उभी राहून शिकवायला लागले, पण मुलांकडे पाठ करताना पहिले काही दिवस एक हात फळ्याच्या चौकटीवर ठेवून लिहायची. आत्याबाई मात्र दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकूंकडे जाऊन त्यांना सगळं समजावून आल्या. आपण दवाखान्यात काय बोलून गेलो ते त्यांनी पुन्हा काढलं नाही, मीही काढलं नाही.

गिझर गोणपाटात तसाच जिन्याखाली पडून होता. एक दिवस भंगारवाला आळीतून ओरडत गेला आणि यांनी त्याला थांबवलं. देणार तोच माझ्या मनात आलं की वरून हा धडधाकट दिसतो. कुणीतरी घेईल, पुसून, रंग मारून, कुणाच्या तरी घरात पुन्हा टांगेल. मी थांबा म्हणाले. घरातून हातोडा आणला. आधी यांनी घाव घातले, मग मी. तांब्याचा ठोकळा चेपला, पाण्याची डबी फुटली, बर्नरच्या नळ्या वाकल्या. आत्याबाईंनी पत्र्याच्या झाकणावर वरवंटा टाकून ते मधून मोडलं. भंगारवाला हातगाडीला टेकून आमच्याकडे पाहत होता. मधेच म्हणाला की बाई, चांगली वस्तू तोडून राहिल्या तुमी, काहून?

मी हातोडा खाली ठेवला आणि त्याला सगळं सांगितलं. पोरीपासून सुरुवात केली, मग माझं. बंद खिडकी, काजळी, मातीची घरं. तो ऐकत गेला. मग त्याने विचारलं, हा असाच असते का, वर गोल भोकं, खाली दोन पाइप? मी हो म्हणाले. त्याने कुणाच्या तरी घरून मागच्या महिन्यात एक उचलला होता. विकला नाही. बायकोला सकाळी चुलीवर पाणी तापवायचा त्रास नको म्हणून स्वतःच्याच घरी लावला होता.

“बंद मोरीत हाये बाई,” तो म्हणाला.

माल गाडीवर चढवायचा राहिला. तो खिशातून मोबाइल काढत आमच्या फाटकाबाहेर गेला. पलीकडून कुणी उचलत नव्हतं, तो पुन्हा पुन्हा लावत होता. मी फाटकाशी उभी राहून त्याच्याकडे पाहत होते. मग पलीकडून कुणीतरी बोललं. तो मोठ्याने म्हणाला, “कोठी हायेस तू? लेकरं कोठी हायेत? सगळ्यायले बाहेर घे आधी.”